तोंड दीडच बोट उघडतं, म्हणून नळी जागेपणीच घालायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे. वीस-बावीस वर्षं खर्रा (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण) खाल्ला, दोन वर्षांपूर्वी सोडला. पित्ताशयात खडे झालेत, दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय. भूलतज्ज्ञांनी तोंड उघडायला लावलं, बोटं उभी धरून मोजलं आणि म्हणाले, "दीडच बोट उघडतंय. नाकातून श्वासाची नळी घालावी लागेल, तीही जागेपणी." तेव्हापासून वडील ऑपरेशनच नको म्हणताहेत. मुलगी विचारते: आधी झोपवून मग नळी का घालत नाहीत? हल्ली घशात बघायचा व्हिडिओवाला लॅरिंगोस्कोप आलाय ना? नाहीतर कमरेत इंजेक्शन देऊन भागणार नाही का? आणि या सगळ्यावर काही संशोधन आहे, की डॉक्टर स्वतःची सोय बघताहेत?

मी सव्वीस वर्षं भूल देतेय, त्यातली बरीचशी विदर्भात. पानठेल्यावर प्लास्टिकच्या कागदात घासलेला खर्रा माझ्या टेबलावर कुठल्या रूपात येतो, हे रोज बघते. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते: तुमचे भूलतज्ज्ञ बरोबर सांगताहेत. सोय बघायची असती तर त्यांनी वडिलांना झोपवलं असतं. त्याला दोन मिनिटं लागतात. जागेपणी नळी घालायची तर सगळी तयारी धरून पाऊण तास जातो, आणि त्याचे वेगळे पैसे बहुतेक ठिकाणी कोणी देत नाही.

आता कारण. भूल दिली की माणूस नुसता झोपत नाही. स्नायू सैल करणारं औषध दिलं की श्वास पूर्ण थांबतो, आणि तिथून घड्याळ सुरू होतं. श्वास सोडल्यावरही फुफ्फुसांत साधारण अडीच लिटर हवा उरते. साधी हवा असेल तर त्यात ऑक्सिजन जेमतेम अर्धा लिटर. शरीर मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन संपवतं. म्हणजे शिल्लक फार नाही. मिनिटभरातच बोटाला लावलेल्या यंत्राचा आकडा घसरू लागतो. यासाठीच झोपवण्याआधी आम्ही तीन ते पाच मिनिटं घट्ट मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन देतो. फुफ्फुसांतला नायट्रोजन धुऊन निघतो आणि त्या अडीच लिटरच्या जागेत दोन-सव्वादोन लिटर ऑक्सिजन भरतो. बेनुमॉफ आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली याचा हिशोब मांडला. धडधाकट, सत्तर किलोच्या माणसाला अशी तयारी करून सुमारे आठ मिनिटं मिळतात, खूप लठ्ठ माणसाला तीनपेक्षाही कमी. त्याच हिशोबातली दुसरी गोष्ट जास्त काळजीची आहे. स्नायू सैल करणाऱ्या औषधांत सक्सिनिलकोलिन हे सगळ्यात लवकर उतरणारं. तेही उतरून माणूस पुरेसा श्वास घ्यायला लागण्याआधी ऑक्सिजन धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकतो. "नाही जमलं तर उठवू की" या वाक्यावर आमच्या आधीच्या पिढीचा फार भरवसा होता. तो या गणितात बसत नाही.

(जाता जाता: वडिलांना दाढी असेल तर ती काढायला सांगतील. मास्कच्या कडेने हवा गळली की ही सगळी बचत वाया जाते. रागावू नका.)

ही मिनिटं हातात असताना आम्ही काय करतो? लॅरिंगोस्कोपचं पातं तोंडात घालून जीभ बाजूला सारायची, स्वरयंत्र दिसलं की त्यातून नळी खाली सोडायची. ते नाही जमलं तर घशात बसणारा मऊ मास्क घालायचा. लॅरिन्जियल मास्क म्हणतात त्याला, ब्रिटनच्या आर्ची ब्रेन यांनी १९८१मध्ये बनवला आणि त्याने असंख्य जीव वाचवले. तोही नाही बसला तर चेहऱ्यावर मास्क धरून बॅगने श्वास द्यायचा. आणि तेही जमेना, तर गळ्यापुढून स्वरयंत्राखालच्या खळग्यात चीर देऊन थेट श्वासनलिकेत नळी. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीने २०१५मध्ये हेच चार टप्पे ए, बी, सी, डी असे मांडले. आपल्याकडे ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने २०१६मध्ये भारतीय ओटीला (ऑपरेशन थिएटरला) मानवतील अशा सूचना काढल्या.

आता या चार टप्प्यांत तुमच्या वडिलांना बसवून बघा. दीड बोट म्हणजे वरच्या-खालच्या दातांत दोन-अडीच सेंटिमीटर, कधी त्याहूनही कमी. तेवढ्या फटीत पातं घालून वळवणं आणि शेजारून नळी नेणं जवळजवळ अशक्य. घशातला मास्क याच फटीतून जाणार, म्हणजे पहिला आणि दुसरा टप्पा एकाच कारणाने एकदम गेले. उरला चेहऱ्यावरचा मास्क, आणि तो कमी पडला तर गळ्यावर सुरी. चार पायऱ्यांच्या जिन्यातल्या दोन पायऱ्या आधीच तुटल्या आहेत हे दिसत असताना त्यावर चढायचं का, एवढाच प्रश्न आहे.

"पण औषधाने स्नायू सैल पडतील, तोंड उघडेल ना?" हा प्रश्न नवे रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टरही विचारतात, आणि तो चांगला प्रश्न आहे. दाढेला पू झाला, दुखतंय म्हणून तोंड उघडत नाही, असा माणूस झोपला की जबडा बहुतेकदा सुटतो. खर्ऱ्याने, गुटख्याने, मुख्य म्हणजे सुपारीने जे होतं ते वेगळं. गालांच्या आतल्या त्वचेखाली तंतूंचे जाड पट्टे तयार होतात. बोट फिरवलं तर आत सुतळी ताणून बांधल्यासारखी लागते. सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात त्याला. भुलेचं कुठलंही औषध हे पट्टे सैल करत नाही. झोपल्यावरही तोंड दीडच बोट उघडणार. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी झाली, पण सुपारी आणि तंबाखू सुटे मिळतातच. माझ्याकडे येणाऱ्या तोंडांत फार फरक पडलेला नाही. याच आजारातून पुढे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. वडिलांनी खर्रा सोडला हे उत्तमच, तरी न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा आहे का हे दातांच्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या. ऑपरेशनशी याचा संबंध नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

व्हिडिओ लॅरिंगोस्कोपचं म्हणाल तर ते यंत्र खरंच चांगलं आहे, मी स्वतः रोज वापरते. २०२२च्या कोक्रेन समीक्षेत २२२ अभ्यास, २६ हजारांवर रुग्ण एकत्र पाहिले. साध्या लॅरिंगोस्कोपपेक्षा व्हिडिओने नळी फसण्याचं प्रमाण कमी होतं असंच त्यातून निघालं. २०२३मध्ये अमेरिकेतल्या तातडीच्या विभागांत आणि आयसीयूत १,४१७ रुग्णांवर चाचणी झाली. पहिल्याच प्रयत्नात नळी जाण्याचं प्रमाण व्हिडिओने ८५.१ टक्के आणि साध्या पात्याने ७०.८ टक्के निघालं. एवढा फरक आमच्या क्षेत्रात क्वचित दिसतो. पण कॅमेरा पात्याच्या टोकाशी असतो, आणि पातं तोंडातच घालावं लागतं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत बघायची अडचण नंतरची. आत जायचीच अडचण आहे.

कमरेतल्या इंजेक्शनचं उत्तर छोटं आहे. हर्निया किंवा गुडघा असता तर मीही तेच सुचवलं असतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात गॅस भरतात, छाती-पोटामधला श्वासाचा पडदा वर ढकलला जातो, खांदा दुखतो, श्वास कोंडल्यासारखा वाटतो. काही ठिकाणी पित्ताशयही कमरेतल्या भुलेवर काढतात, पण मधेच ती अपुरी पडली तर? तेव्हा हीच नळी, हेच तोंड. फरक इतकाच की आता पोट उघडं आणि सगळ्यांचीच धावपळ. अवघड श्वासमार्ग टाळल्याने नाहीसा होत नाही, तो फक्त गैरसोयीच्या वेळी समोर येतो.

संशोधनाचं विचारलंत, म्हणून आता जरा सविस्तर सांगते. आमच्या क्षेत्रातलं सगळ्यात डोळे उघडणारं काम औषधाच्या चाचणीतून आलेलं नाही. ते आलं अपघात मोजण्यातून. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्स आणि डिफिकल्ट एअरवे सोसायटी यांनी सप्टेंबर २००८ ते ऑगस्ट २००९ असं वर्षभर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या सगळ्या रुग्णालयांतून श्वासमार्गाच्या गंभीर घटना गोळा केल्या. २०११मध्ये अहवाल आला, त्याला आम्ही नॅप-४ म्हणतो. वर्षाला अंदाजे २९ लाख पूर्ण भुला, त्यात १३३ गंभीर घटना आणि १६ मृत्यू. म्हणजे सुमारे बावीस हजारांत एक. बऱ्याच घटना कळवल्याच गेल्या नसतील, खरा आकडा चौपटही असू शकतो, असं अहवालकर्त्यांनीच लिहिलं. तरीही धोका लहान आहे. वडिलांना हे जरूर सांगा.

पण त्या १३३ गोष्टी एकेक वाचल्या की अंगावर काटा येतो, कारण त्या ओळखीच्या वाटतात. जागेपणी नळी घालायला हवी असं आधीच दिसत होतं, तरी झोपवलं, असे १८च्या आसपास रुग्ण त्यात होते. एकच पद्धत पुन्हा पुन्हा करत राहिलेले होते. पहिली योजना फसली तर काय, हे ठरवलेलंच नव्हतं असेही होते. गळ्यातून जाड सुई घालून ऑक्सिजन द्यायचा प्रयत्न दहापैकी सहा वेळा फसला. म्हणून आता भूलतज्ज्ञांना सुईऐवजी दहा नंबरचं सुरीचं पातं, त्यावरून बुजी (नळीला वाट दाखवणारी लवचीक कांडी) आणि सहा नंबरची नळी, असं शिकवतात. घटनांपैकी सुमारे एकतृतीयांश ऑपरेशन संपल्यावर, नळी काढताना किंवा नंतर रिकव्हरीत घडल्या, ज्या वेळी सर्जन हातमोजे काढून चहाला गेलेले असतात. आणि भुलेतल्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं एकटं कारण होतं पोटातलं अन्न फुफ्फुसात जाणं.

हा शेवटचा मुद्दा घरच्यांच्या हातातला आहे. उपाशी म्हणजे उपाशी. घन अन्न सहा तास आधी बंद, नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आपल्याकडे "घोटभर चहाने काय होतंय" म्हणणारी एक आत्या प्रत्येक वॉर्डात असते. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, तो अन्नात मोजतात. वडिलांना त्या सकाळी चहा मिळाला असेल तर लपवू नका. ऑपरेशन चार तास पुढे जाईल, एवढंच होईल.

आधी तपासून सगळं कळतं का? नाही, आणि हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. तोंड उघडायला लावून पडजीभ दिसते का बघतात, ती चाचणी शेषगिरी मल्लमपटी यांची. मूळचे आंध्रातले, बोस्टनला काम करत होते. १९८५मध्ये त्यांनी २१० रुग्णांवर ती मांडली आणि आज जगभर प्रत्येक भूलतज्ज्ञ ती करतो. पण डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींतल्या १,८८,०६४ रुग्णांचा अभ्यास २०१५ साली आला, आणि त्याने आमच्या आत्मविश्वासाला चांगलाच सुरुंग लावला. नळी घालायला अवघड गेलेले ३,३९१ रुग्ण. त्यांतल्या ९३ टक्के रुग्णांबाबत आधी कोणालाच शंका आली नव्हती. उलट, ज्यांच्या कागदावर "अवघड" असं लिहून ठेवलं होतं, त्यांतल्या चौघांपैकी एकालाच खरंच अवघड गेलं. कोणी म्हणेल, मग तुमच्या वडिलांचाही अंदाज चुकू शकतो. पण अंदाज आणि मोजमाप यांत फरक आहे. लहान हनुवटी, आखूड मान, मोठी जीभ यांवरून आम्ही अंदाज बांधतो. दात दीड बोटापलीकडे उघडत नाहीत, हे मोजलेलं आहे. शंभरातल्या ज्या थोड्या जणांबद्दल आधीच कळतं, त्यांत वडील आहेत. ही माहिती हातात असून वापरायची नाही, तर मग तपासणी कशाला करायची?

माझ्या रेसिडेन्सीतली गोष्ट सांगते. तोंड दोन बोटं उघडणारा, पस्तिशीचा, बारीक माणूस. जागेपणी नळी घालायला लागणारी बारीक, लवचीक दुर्बीण, म्हणजे फायबरऑप्टिक स्कोप, दुरुस्तीला गेला होता. सीनिअर म्हणाले, "बारीक आहे, झोपवून बघू." झोपवलं. पहिल्या प्रयत्नात जिभेखेरीज काही दिसलं नाही. मास्कने श्वास नीट जात होता, म्हणून दुसरा प्रयत्न केला. मग तिसरा. प्रत्येक वेळी पातं घासून आतली त्वचा सुजत होती, थोडं रक्त येत होतं, आणि मास्कने श्वास देणं आधीपेक्षा जड जात होतं. चौथ्या वेळी ऑक्सिमीटरचा आवाज खाली खाली येऊ लागला. ज्याने तो आवाज ऐकलाय त्याला तो झोपेतही ओळखू येतो. आकडा ६२. कोणी काही बोलत नव्हतं. तेवढ्यात औषध उतरलं, त्या माणसाने स्वतःच एक मोठा, खरखरीत श्वास घेतला, आणि आम्ही सगळ्यांनी घेतला. ऑपरेशन रद्द झालं, नातेवाईक आमच्यावर ओरडले. पाच दिवसांनी, स्कोप आल्यावर, त्याच माणसाला जागेपणी नळी घातली. अकरा मिनिटं लागली. पहिल्या दिवशी तो वाचला यात आमचं कौशल्य काही नव्हतं.

त्या दिवशी काय चुकलं हे मला नाव देऊन कळलं ते बऱ्याच वर्षांनी, एलेन ब्रॉमिली यांची हकीकत वाचल्यावर. २००५ साली इंग्लंडमध्ये सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी भूल दिलेली ३७ वर्षांची बाई. श्वासमार्ग मिळेना. खोलीत अनुभवी तज्ज्ञ होते, सामान होतं. एका नर्सने गळ्यातून मार्ग करण्याचा सेट आणून ठेवला. दुसरीने आयसीयूत खाट सांगून ठेवली आणि मग डॉक्टरांचा नूर पाहून परत रद्द केली. तज्ज्ञ मात्र नळीच्याच मागे लागून राहिले. तेरा दिवसांनी एलेन गेल्या. त्यांचे पती मार्टिन हे वैमानिक. त्यांनी बदल्याऐवजी चौकशी मागितली, कारण विमान पडलं की त्यांच्या क्षेत्रात तेच करतात. २००७मध्ये त्यांनी क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप उभा केला. माणूस घाबरला की त्याचं लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं, वेळेचं भान सुटतं, आणि खालच्या पदावरचा माणूस दिसत असूनही बोलत नाही, हे आमच्या पाठ्यपुस्तकांत त्यानंतर आलं.

आपल्या ओटीत तर हे दुप्पट लागू आहे. सिस्टर सरांना टोकणार नाहीत, रेसिडेंट मॅडमना टोकणार नाही, आणि ओटीतल्या मामांना तर कोणी विचारतच नाही. म्हणून प्रयत्नांची संख्या आधीच बांधून टाकायची असते. ब्रिटिश सूचना म्हणतात तीन, फार तर आणखी एक अधिक अनुभवी हाताने. भारतीय सूचनांत पुढचा प्रयत्न करण्याआधी ऑक्सिजन ९५ टक्के किंवा वर असला पाहिजे, आणि प्रयत्न चालू असताना नाकातून ऑक्सिजन सुरूच ठेवायचा. मी सुरुवातीलाच सिस्टरना सांगते, "नव्वदच्या खाली गेला की मोठ्याने सांगा, मी रागावले तरी." पहिल्यांदा त्या हसतात.

आणखी एक संशोधन, जे आता नियमच झालंय. नळी आत गेली हे कशावरून कळतं? आम्ही शिकलो तेव्हा छाती हलते का बघायचं, दोन्हीकडे स्टेथोस्कोप लावायचा, नळीत वाफ धरते का बघायचं. या तिन्ही खुणा अन्ननलिकेत गेलेली नळीही दाखवू शकते. २०२० साली इंग्लंडमध्ये ग्लेंडा लॉग्सडेल या अपेंडिक्सच्या ऑपरेशनला आल्या. नळी अन्ननलिकेत गेली, वेळेत कळलं नाही, आणि त्या वाचल्या नाहीत. २०२२मध्ये श्वासमार्गाच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सूचना काढल्या: बाहेर येणाऱ्या श्वासात कार्बन डायऑक्साइडची लाट सलग सात श्वास टिकून दिसली पाहिजे. दिसली नाही, तर नळी चुकीच्या जागी आहे असंच धरायचं आणि काढायची. कानाला काय ऐकू आलं यावर वाद घालायचा नाही. हे दाखवणारं यंत्र म्हणजे कॅप्नोग्राफ. तुमच्या हॉस्पिटलात तो आहे का, हा प्रश्न भूलतज्ज्ञांना विचारायला अजिबात संकोच करू नका. चांगला भूलतज्ज्ञ या प्रश्नाने सुखावतो.

आता वडिलांना ज्याची भीती वाटतेय ते प्रत्यक्षात कसं असतं, हे मी माझ्या रुग्णांना सांगते तसंच सांगते. आदल्या दिवशी, किंवा सकाळी, नाकपुड्या एकेक दाबून श्वास घ्यायला लावतात. जी जास्त मोकळी ती निवडायची. ऑपरेशनच्या अर्धा तास आधी तोंड कोरडं करणारं इंजेक्शन मिळतं, कारण लाळेवर बधिर करणारं औषध टिकत नाही. नाकात थेंब घालतात, रक्त येऊ नये म्हणून. मग वाफेच्या मास्कमधून ते बधिर करणारं औषध, लिग्नोकेन. दम्याच्या मुलांना देतात तसंच दिसतं, फक्त घसा जड होत जातो आणि गिळलं की घास अडकल्यासारखं वाटतं. मी आधीच सांगून ठेवते की तसं वाटणं म्हणजे औषध लागू पडलंय. कडू लागतं, तेही सांगते. काही जण गळ्यापुढून बारीक सुईने श्वासनलिकेत दोन-तीन मिलिलिटर औषध सोडतात. एकदा जोरात खोकला येतो आणि त्या खोकल्यानेच औषध सगळीकडे पसरतं. लिग्नोकेनची एकूण मात्रा वजनावरून मोजलेली असते: २०२०च्या ब्रिटिश सूचनांप्रमाणे, चरबी वगळून धरलेल्या वजनाच्या किलोमागे नऊ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. शिरेतून हलकं गुंगीचं औषध सुरू असतं. "जागेपणी" म्हणजे टक्क डोळे उघडे असं नसतं. हाक मारली की ओ देतील, श्वास स्वतः घेतील, एवढं जागेपण.

स्कोप पेन्सिलपेक्षाही बारीक. नळी त्यावर आधीच ओवलेली असते. मी ती गरम सलाइनमध्ये बुडवून मऊ करते, नाकाला टोचत नाही. वडील अर्धवट बसलेले, नाकाशी ऑक्सिजन. पडद्यावर आधी गुलाबी बोगदा, मग पडजिभेची मागची बाजू, मग पानासारखं उभं एपिग्लॉटिस (स्वरयंत्रावरचं झाकण), आणि त्यामागे दोन पांढऱ्या पट्ट्या, उलट्या व्हीसारख्या. तिथे मी थांबते, आणखी थोडं औषध सोडते आणि म्हणते, "काका, मोठा श्वास घ्या." पट्ट्या उघडतात, स्कोप आत जातो, श्वासनलिकेची कडी दिसतात. मग नळी हलकेच सरकते. त्या क्षणी काकांचा आवाज बंद होतो, कारण आता हवा स्वरतंतूंमधून न जाता नळीतून जातेय. यानेच काही जण दचकतात. म्हणून आधी ठरवून ठेवते: "आवाज गेला की समजा झालं काम, मी लगेच झोपवते." कार्बन डायऑक्साइडची लाट दिसली की सिस्टर झोपेचं औषध देतात. ही पद्धत फसण्याचं प्रमाण प्रसिद्ध अभ्यासांत शंभरात एक-दोन आहे. आणि फसली तरी माणूस स्वतः श्वास घेतच असतो. या पद्धतीचा सगळा फायदा त्यातच आहे.

नाकातून जोरात ऑक्सिजन सोडणाऱ्या हाय-फ्लो नाकनळीबद्दल कोणी तुम्हाला सांगेल. लंडनच्या एका गटाने २०१५मध्ये २५ अवघड रुग्णांत ती लावून श्वास थांबलेला असताना निम्म्या रुग्णांत चौदा मिनिटं किंवा जास्त मिळवून दाखवली. उपयोगाची गोष्ट आहे. पण घसा मोकळा नसेल तर तो ऑक्सिजन खाली पोचत नाही, आणि मिळालेल्या चौदा मिनिटांतही दीड बोटाचं तोंड दोन बोटं होत नाही.

आता तुमच्याकडची कामं. वडील रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर आजच सांगा, नाकातून जायचंय. नाकाचं हाड वाकडं आहे, आधी कधी नाकातून रक्त यायचं, हेही सांगा. हलणारा दात असेल तर कुठला, ते दाखवा. आणि हॉस्पिटलात फायबरऑप्टिक स्कोप नसेल तर भूलतज्ज्ञ बाहेरून आणणार आहेत का, ते विचारा. आपल्याकडे बरेच भूलतज्ज्ञ चार-पाच हॉस्पिटलांत फिरून काम करतात, स्कोप कोणाकडून तरी मागून आणावा लागतो. सोय होत नसेल तर ऑपरेशन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात हलवा. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन थांबू शकतं, फक्त ताप किंवा कावीळ नसावी.

ऑपरेशन संपल्यावर नळी लगेच काढणार नाहीत. वडील पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत, डोळे उघडून, मान उचलून दाखवेपर्यंत ठेवतील. बाहेर तुम्हाला उशीर वाटेल. त्या वेळी दारावर टकटक करू नका. तोंड उघडत नसलेल्या माणसाला उलटी झाली तर ती काढायलाही जागा नसते, म्हणून आम्ही तिथे घाई करत नाही. नंतर दोन दिवस घसा खवखवेल, नाकातून थोडं लाल पाणी येईल.

सुट्टी होताना भूलतज्ज्ञांकडून एक कागद मागून घ्या. त्यावर तारीख, तोंड किती मिलिमीटर उघडलं, कुठल्या नाकपुडीतून, कितव्या नंबरची नळी, जागेपणी घातली, मास्कने श्वास नीट देता आला का, एवढं लिहिलेलं हवं. बहुतेक डॉक्टर मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितल्यावर आनंदाने देतात. त्याची एक प्रत वडिलांच्या आधार कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि एक फोटो काढून तुमच्या आणि आईच्या फोनमध्ये ठेवा. पुढच्या वेळी रात्री दोनला तातडीत नेलं, तर ड्यूटीवरच्या अनोळखी भूलतज्ज्ञाच्या हातात आधी तोच द्या.